भीती दाटून आली असताना प्रार्थनेला कसं बसावं: टप्प्याटप्प्याने

"भिऊ नको, विश्वास ठेव." ठाण्या-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत हे वाक्य रोज कुणीतरी कुणाला तरी सांगत असतं. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ऐकणारा त्याने बरेचदा आणखी एकटा पडतो. मूळची भीती असतेच, वर आपल्याला भीती वाटते म्हणजे आपला विश्वास कच्चा ही टोचणीही लागते. मग तो प्रार्थनेला बसतो तेही भीती लपवून. अर्धा तास स्तुती करतो, पाठ असलेली वचनं म्हणतो, आमेन म्हणून उठतो आणि छातीतली धडधड तशीच असते. "प्रार्थना करूनही शांती मिळत नाही," असं लोक सांगतात तेव्हा थोडं खोदून विचारलं की हेच बाहेर येतं.

घरोघरच्या प्रार्थनासभांत आणि इस्पितळांत आजाऱ्यांजवळ बसताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली आहे. लोकांच्या श्रद्धेत कमतरता नसते, त्यांचा क्रम उलटा असतो. आधी शांत वाटावं अशी त्यांची धडपड चाललेली असते आणि नक्की कशाची भीती वाटते ते देवाला सांगायचं राहूनच जातं. जे सांगितलंच नाही ते त्याच्यावर सोपवता कसं येणार? म्हणून हा लेख फक्त क्रमाबद्दल आहे. कॅथलिक असा, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट किंवा पेंटेकॉस्टल, तुम्हाला तो वापरता येईल. जिथे पद्धत वेगळी आहे तिथे तसं लिहिलं आहे.

## सुरू करण्याआधी: धोका आत्ता दारात आहे का?

काही वेळा भीती खरंच इशारा देत असते. छातीत दुखतंय, श्वास लागतोय, घरात कुणी अंगावर धावून येतंय, कुणी धमकावतंय, अशा वेळी डोळे मिटून बसू नका. आधी हला. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. प्रार्थना रिक्षात बसल्यावर करा, "प्रभू, मदत कर" एवढी पुरते.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमच्या तटाचं काम चालू असताना शत्रू चालून यायच्या बेतात आहेत अशी खबर येते. तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत (४:९). पहारा बसवला म्हणून त्यांच्या विश्वासाला कुणी नावं ठेवली नाहीत.

धोका आत्ताचा नसेल, म्हणजे गुरुवारी रिपोर्ट येणार आहे, महिनाअखेरीस कंपनीत कपातीची यादी लागणार आहे, मुलगा परदेशात आहे आणि तिथल्या बातम्या बऱ्या नाहीत, तर पुढे वाचा.

## तयारी

जागा. वन रूम किचनमध्ये चार माणसं राहतात तिथे "आपल्या खोलीत जा व दार लाव" हे येशूचं सांगणं पाळणं अवघड आहे. म्हणून जागा आधीच ठरवून ठेवा. गॅलरीतली खुर्ची, इमारतीची गच्ची, पहाटेचं स्वयंपाकघर चालेल. चर्च वाटेवर असेल तर मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) किंवा आपल्या मंडळीच्या उपासनेच्या वीस मिनिटं आधी जाऊन बसा. ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चसारख्या ठिकाणी बाहेर जांभळी नाक्याची गर्दी असली तरी आतल्या बाकावर बसल्यावर आवाज मागे पडतो. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तीही चालते. ठाणे ते वाशी अर्ध्या तासाच्या आसपास मिळतो.

वस्तू. वही, पेन आणि छापील पवित्र शास्त्र. मोबाइलवर वाचू नका. फोनमध्ये वचनाशेजारीच बातम्या, बँकेचे मेसेज आणि फॅमिली ग्रुप असतो. ज्या भाषेत लहानपणी प्रार्थना शिकलात तीच घ्या. नोकरी इंग्रजीत असली तरी घाबरलेलं माणूस आईच्या भाषेतच बोलतं.

वेळ. पंधरा-वीस मिनिटं. घाबरलेल्या माणसाला तासभर बसवत नाही, आणि जमलं नाही की तो स्वतःला दोष देतो.

दोन माणसं. ज्यांना रात्री अकरालाही फोन करता येईल अशी दोन नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दोन्ही घरातलीच नकोत.

> तपासा: वही, शास्त्र, जागा आणि दोन नावं तयार आहेत ना? ही तयारी बऱ्या दिवसांत करून ठेवावी. भीती आल्यावर पेनसुद्धा सापडत नाही.

## टप्पा १: आधी शरीर

शास्त्रातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. राणी ईजबेल जिवावर उठली म्हणून संदेष्टा एलीया रानात पळून गेला आहे. झुडपाखाली बसून तो मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येऊन त्याला उठवतो ते उपदेश करायला नव्हे. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू तिथे ठेवलेला असतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो तेही खाण्यासाठीच. देवाशी संभाषण होतं त्यानंतर, होरेब डोंगरावर.

तेव्हा बसण्याआधी स्वतःला विचारा: शेवटचं कधी जेवलो? काल किती झोपलो? पाणी प्यायलो का? उपाशी पोटी आणि तीन रात्रींच्या जागरणावर कुणालाही शांत वाटत नाही, मग त्याचा विश्वास कितीही असो. वरणभात खा. तोंडावर पाणी मारा. मग ताठ बसून चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सहा-सात आकडे मोजत सोडा. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. आपलं शरीरच तसं घडवलेलं आहे. असं पाच-सहा मिनिटं करा. मनात शब्द हवेच असतील तर श्वास घेताना "प्रभू येशू" आणि सोडताना "दया कर".

> सावधान: घाबरल्या घाबरल्या उपास धरू नका. संकट आलं की तीन दिवसांचा उपास जाहीर करणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर तो उघड धोका आहे. नसेल तरी रिकाम्या पोटाची थरथर भीतीत मिसळते आणि कुठली कशाची ते कळेनासं होतं. उपास विचाराने, फादर किंवा पाळकांना सांगून, बऱ्या दिवसांत करावा.

## टप्पा २: भीती एका वाक्यात लिहा

"टेन्शन आहे" एवढं पुरत नाही. वहीच्या पानावर तीन ओळी लिहा.

पहिली: काय घडलंय? फक्त घडलेलं. "ह्यांच्या मानेत गाठ आहे. खारघरला बायोप्सी झाली. रिपोर्ट गुरुवारी."

दुसरी: काय होईल असं मला वाटतंय? "कॅन्सर निघेल."

तिसरी: तसं झालं तर मला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? इथे थांबा, घाई करू नका. पहिलं उत्तर बहुतेक वेळा वरवरचं असतं. "पैसे कुठून आणायचे" असं लिहून झाल्यावर जरा वेळाने "मुलं लहान आहेत, मी एकटी पडेन" हे खाली उमटतं. नोकरीच्या भीतीतही असंच. ऐरोलीत कामाला जाणारा माणूस आधी गृहकर्जाचा हप्ता लिहितो, आणि त्याखाली "सासरच्यांसमोर मान खाली जाईल." प्रार्थना त्या खालच्या ओळीची करायची आहे. वरच्या ओळीची करत राहिलात तर खालची रात्री दोनला उठवते.

> चूक: पहिली आणि दुसरी ओळ एकत्र लिहिणं. "गाठ आहे म्हणजे कॅन्सरच" ही एक ओळ नाही. घडलेलं वेगळं आणि वाटलेलं वेगळं झालं की निम्म्या जणांचा श्वास तिथेच थोडा सुटतो.

## टप्पा ३: जसंच्या तसं देवाला सांगा

हा टप्पा सर्वांत जास्त गाळला जातो, म्हणून इथे रेंगाळायला हवं.

आपल्याला प्रार्थनेची एक ठरीव भाषा शिकवलेली असते: हे परमदयाळू पित्या, आम्ही तुझे आभार मानतो. ती सुंदर आहे. पण भीतीच्या दिवशी तीच तोंडावर पडदा ओढते. स्तोत्रसंहिता उघडून बघा. तेरावं स्तोत्र "किती काळ?" या प्रश्नाने सुरू होतं, आणि तो प्रश्न चार वेळा येतो. किती काळ तू मला विसरणार, किती काळ तोंड लपवणार? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. तरी ते शास्त्रात आहे, उपासनेत वाचलं जातं. देवाला अशी भाषा नको असती तर ती आपल्यापर्यंत आलीच नसती.

शुभवर्तमानातही तेच. मार्कच्या चौथ्या अध्यायात वादळात नाव भरू लागते आणि शिष्य येशूला उठवून जवळजवळ ओरडतात: आम्ही बुडतोय, तुला काहीच वाटत नाही का? येशू आधी उठून वारा आणि समुद्र शांत करतो, त्यांच्या विश्वासाबद्दल विचारतो ते नंतर. ओरडून सांगितलं म्हणून त्याने कुणाला नावेतून उतरवलं नाही.

आता स्वतःचं स्तोत्र लिहा. चार भाग पुरतात: हाक, तक्रार, मागणं, आणि जेवढा उरला असेल तेवढा भरवसा. वरच्या गाठीच्या उदाहरणात ते असं होईल:

*बापा, ऐक. रिपोर्ट गुरुवारी आहे आणि मला झोप नाही. तू गप्प का आहेस ते कळत नाही. इतकी वर्षं मी तुझ्या घरी येते, आणि आज मला तुझा राग आलाय. मुलं लहान असताना ह्यांना काही झालं तर मी एकटी पडेन, मला त्याची भीती वाटते. गाठ साधी निघू दे. गुरुवारी डॉक्टर काय सांगतात ते मला नीट ऐकू येऊ दे. आईच्या आजारात तू आमच्याबरोबर होतास. आज तेवढंच माझ्या हातात आहे.*

यात "मला पूर्ण विश्वास आहे" असं कुठेच नाही. नसेल तर लिहू नका. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य कर. एवढ्यावर येशूने मुलाला बरं केलं.

लिहिलेलं मोठ्याने वाचा, कुजबुजत का होईना. रडू आलं तर येऊ द्या.

> तपासा: हे वाचताना तुम्हाला थोडी लाज वाटली का? "देवाला असं कसं म्हणायचं" असं वाटलं का? मग तुम्ही बरोबर ठिकाणी आहात. काहीच वाटलं नसेल तर तिसरी ओळ अजून सापडलेली नाही, टप्पा २ वर परत जा.

## टप्पा ४: मागा, आणि एक खरा आभार माना

फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४, वचनं ६ आणि ७ सगळ्यांना पाठ असतात. प्रेषित पौलाने ते पत्र बंदिवासातून लिहिलं. त्यातला क्रम बोट ठेवून वाचा. चिंता करू नका, तर सर्व गोष्टींविषयी प्रार्थना आणि विनंती करून, आभारांसह आपली मागणी देवाला कळवा. मग देवाची शांती तुमची अंतःकरणं आणि विचार राखील. मागणी आधी, शांती नंतर. आणि मागितलेलं मिळेल असं त्या वचनात म्हटलेलं नाही. राखलं जाईल असं म्हटलं आहे.

मागणं ठसठशीत असू द्या. "सगळं चांगलं कर" यापेक्षा "गुरुवारी अकराच्या अपॉइंटमेंटला माझ्याबरोबर चल" चांगलं.

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" याबद्दल थोडं. आपण हे पहिल्याच वाक्यात म्हणून टाकतो, मागायचं धाडस नसतं म्हणून. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी स्वच्छ मागितलं: हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. मग म्हटलं: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. आणि एकदा म्हणून तो थांबला नाही. पुन्हा जाऊन त्याने त्याच शब्दांत प्रार्थना केली, असं मार्क लिहितो (१४:३९). तेव्हा तेच तेच मागतोय म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

आभार एकच, पण खरा. "या आजाराबद्दल धन्यवाद" असं जबरदस्तीने म्हणू नका. आज शेजारच्या काकूंनी मुलांना जेवू घातलं, ते चालेल.

> सावधान: सौदा करू नका. "हे दिलंस तर मी ते करीन" या बोलण्याने भीती कमी होत नाही, उलट हिशेबाची नवी भीती चिकटते. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करत असाल तर अवश्य करा. रोज त्याच वेळी येऊन बसणं घाबरलेल्या मनाला आधार देतं. पण एक दिवस चुकला म्हणून सगळं वाया गेलं असं मानू नका. आणि "अकरा जणांना पाठवा, नाहीतर…" असले मेसेज जागीच पुसून टाका.

## टप्पा ५: वचन एकच धरा

घाबरल्यावर लोक वचनांचा मारा करतात. सकाळी एक, दुपारी फॉरवर्ड आलेली पाच, रात्री यूट्यूबवर तासभर. काहीच आत उतरत नाही. आठवडाभर एकच घ्या. निवडता येत नसेल तर छप्पन्नाव्या स्तोत्राचं तिसरं वचन घ्या: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. लहान आहे, आणि भीती वाटतच नाही असा दावा त्यात नाही. शब्द आपापल्या प्रतीतले घ्या.

कधी म्हणायचं? जागे झाल्या झाल्या, फोन हातात घेण्याआधी. मग प्रवासात. ठाण्याहून वाशीकडे जाणारे दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशा प्रत्येक स्टेशनला एकदा म्हणतात. घोडबंदरच्या कोंडीत अडकणाऱ्यांना वेगळी सोय लागत नाही. झोपताना दिवे घालवल्यावर पुन्हा एकदा. दिवसातून निवांत वेळ मिळाला की ते वचन ज्या अध्यायात आहे तो पूर्ण वाचा.

दोन चुका इथे नेहमी होतात. पहिली, डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ते "देवाचं उत्तर" मानायचं. घाबरलेल्या माणसाच्या बोटाखाली न्यायाचं एखादं कठोर वचन आलं तर तो आठवडाभर सावरत नाही. कौल लावण्यासाठी हे पुस्तक नाही. दुसरी चूक, एक्याण्णवं स्तोत्र ताईतासारखं वापरणं. ते फार मोलाचं स्तोत्र आहे, मीही म्हणतो. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाक म्हणून डिवचतो तेव्हा नेमकं याच स्तोत्रातलं वचन पुढे करतो, आणि येशू नकार देतो. ते वचन खरं असूनही. म्हणून "हे म्हटलं की काही होणार नाही" अशा हमीपोटी ते म्हणू नका. "काहीही झालं तरी तू माझा आश्रय आहेस" असं म्हणा.

"बायबलमध्ये भिऊ नको हे बरोबर ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक," हाही मेसेज फिरतो. मोजायला बसलं तर तो आकडा जुळत नाही. एकदाच म्हटलेलं असतं तरी पुरलं असतं.

## टप्पा ६: आजचं काम उचला

पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे "आज माझ्या हातात", उजवीकडे "माझ्या हातात नाही". रिपोर्टमध्ये काय येईल, कंपनी कुणाला काढेल, दुसऱ्या देशातलं युद्ध थांबेल का, हे सगळं उजवीकडे. प्रत्येक ओळीवर हात ठेवून म्हणा: "हे तुझ्याकडे." पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) चिंता त्याच्यावर टाका असं म्हटलं आहे ते याच गोष्टीबद्दल.

डावीकडे बारीक कामं लिहा. फाइलमधले जुने रिपोर्ट तारखेने लावणं, विम्याची कागदपत्रं काढणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, बायोडाटा. हप्ता थकण्याची भीती असेल तर तो थकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मागणं. वसुलीवाल्यांच्या फोनची धास्ती असेल तर हे माहीत असू द्या: रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करून तगादा लावता येत नाही, आणि धमकी तर कधीच देता येत नाही. अशी माहिती मिळवणं हासुद्धा पहाराच आहे.

या यादीतलं एकच काम आज करा. उद्याची चिंता उद्याला, असं येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो तेव्हा आजचं काम तो काढून घेत नाही.

> चूक: प्रार्थना झाली म्हणून डावी बाजू रिकामी ठेवणं. "देव बघेल" म्हणत गाठ सहा महिने कुणालाच न दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

## टप्पा ७: कुणाला तरी सांगा

गेथशेमानेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर नेलं आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असं त्यांना सांगितलं. ते झोपले ही गोष्ट वेगळी. त्याने सांगितलं, जागे राहा म्हटलं. आपण मात्र "लोकांना कशाला त्रास" म्हणून गप्प बसतो.

पहिल्या पानावरच्या दोघांपैकी एकाला फोन करा आणि काय हवं ते आधीच सांगा, म्हणजे समोरचा उपदेशाला लागत नाही: "दादा, मला सल्ला नको आहे. दहा मिनिटं ऐका आणि शेवटी एक लहानशी प्रार्थना करा."

कॅथलिकांनी फादरांची वेळ मागावी. मिस्सा संपल्यावर दारात उभ्या उभ्या बोलू नये, तिथे त्यांना दहा जणांनी घेरलेलं असतं. भीतीत अपराधाची भावना मिसळली असेल, "माझ्याच पापामुळे हे झालं" असं वाटत असेल, तर कन्फेशनला, म्हणजे फादरांजवळ पापं कबूल करायला, जा. तिथलं बोलणं बाहेर जात नाही. आणि आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराबद्दल एक गैरसमज अजून घट्ट आहे: फादर तेल घेऊन आले म्हणजे आता शेवट. त्यामुळे घरचे फादरांना बोलावतच नाहीत, किंवा पेशंट बेशुद्ध झाल्यावर बोलावतात. हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलं. मोठ्या शस्त्रक्रियेच्या आधी, शुद्धीवर असताना, आपल्या तोंडाने आमेन म्हणता येत असताना तो घ्यावा.

इतर मंडळ्यांत पाळक आणि मंडळीतले वडीलधारे घरी येऊन प्रार्थना करतात. याकोबाच्या पत्रात (५:१४) सांगितलेलं तेच आहे. बोलावल्याशिवाय ते येणार नाहीत, कारण त्यांना कळणारच नाही.

> सावधान: जो औषध थांबवायला सांगतो, प्रार्थनेचे पैसे ठरवून घेतो किंवा "तुझ्यात भीतीचा आत्मा आहे" म्हणून चारचौघांत उभं करतो, त्याच्याकडे परत जाऊ नका. पौल लूकला कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य म्हणतो. वैद्य आणि विश्वास यांचं भांडण त्या काळीही नव्हतं.
>
> आणखी एक: प्रार्थनेची विनंती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकताना आजाराचं नाव, रिपोर्टचा फोटो टाकू नका. "घरात एक काळजी आहे, प्रार्थना करा" एवढं पुरेसं आहे.

## टप्पा ८: रात्री दोन वाजता

रात्रीची भीती वेगळ्या जातीची असते. तेव्हा वरचे सात टप्पे करत बसू नका. एवढंच करा. दिवा लावा, उठून बसा, पाणी प्या. मनात येतंय ते वहीत एका ओळीत लिहा आणि पुढे "सकाळी" असं लिहून वही मिटा. मग लांब श्वास आणि आठवड्याचं वचन. नाहीतर एकशे एकविसावं स्तोत्र, जिथे म्हटलंय की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपतही नाही. तो जागा आहे, तेव्हा दोघांनी जागायची गरज नाही. जपमाळ म्हणणाऱ्यांनी ती हातात घेऊन आडवं व्हावं. मध्येच झोप लागली तर लागू द्यावी.

रात्री कुठलाही निर्णय घेऊ नका. राजीनाम्याचा मेल, घर विकण्याचा विचार, नातेवाइकाला खरमरीत मेसेज, सगळं सकाळी. आणि लक्षणं गूगलवर शोधू नका.

## मोजायचं कसं

"शांत वाटतंय का?" हा प्रश्न दर तासाला स्वतःला विचारू नका. तेवढ्यानेच वाटेनासं होतं. आठवड्याच्या शेवटी दुसरे प्रश्न विचारा: झोप थोडी वाढली का? डावीकडची कामं होतायत का? मुलांवर ओरडणं कमी झालं का? कुणा दुसऱ्याची विचारपूस केली का? भीती वाटत असूनही हे होत असेल तर तुम्ही राखले जात आहात.

दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाववत नाही, अचानक दरदरून घाम आणि धडधड सुटते, तर डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. तिथे जाण्याची लाज बाळगू नका. रक्तदाबाची गोळी घेताना आपण विश्वास तपासत नाही, मग या गोळीलाच का? आणि जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही. आत्ताच १४४१६ फिरवा आणि पहिल्या पानावरच्या माणसाला घरी बोलावून घ्या.

## ज्याची भीती होती तेच झालं तर

रिपोर्ट वाईट आला. यादीत नाव आलं. बहुतेक जण इथे वही बंद करतात: इतकी प्रार्थना केली, उपयोग काय? खरं तर वहीची सगळ्यात जास्त गरज आता आहे.

त्या दिवशी नवीन वचन शोधू नका, नवी प्रार्थनासभा शोधू नका. पुन्हा टप्पा १. घरी या, जेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी नवीन पानावर तीन ओळी. यावेळी पहिली ओळ बदललेली असेल आणि तिसरीही बदलली असेल, कारण प्रत्यक्ष घडल्यावर भीती जागा बदलते. टप्पा ३ मध्ये राग जास्त येईल, तो येऊ द्या. भरवशाची ओळ सुचली नाही तर ती जागा कोरी ठेवा, नंतर भरता येते.

आणि तुम्ही अशा माणसाच्या सोबतीला जाणार असाल तर "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य घरीच ठेवून जा. डबा घेऊन जा. "काय झालं?" असं विचारा आणि पूर्ण ऐका. प्रार्थना करू का, ते विचारून मगच करा, आणि ती दोन मिनिटांची करा. निघताना पुढच्या भेटीचा वार सांगा आणि त्या वारी जा.